चूल आणि मूल, पण जरा वेगळ्या अर्थाने

इतिहासाच्या शालेय पुस्तकात अग्नीच्या वाट्याला साधारण चार ओळी येतात. आदिमानवाला अग्नीचा उपयोग कळला, त्यामुळे थंडीपासून रक्षण झालं, हिंस्र प्राणी दूर राहू लागले, अंधारात उजेड मिळाला आणि 'शिवाय' तो मांस भाजून खाऊ लागला. झालं! लगेच पुढचा धडा, शेतीचा शोध. मी तीसेक वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. या चार ओळी वाचायला एक मिनिटसुद्धा लागत नसे. परीक्षेत 'अग्नीचे उपयोग लिहा' असा दोन गुणांचा प्रश्न यायचा. मुलं पहिले दोन उपयोग लिहून मोकळी व्हायची. भाजून खाण्यापर्यंत कुणी पोहोचतच नसे.

मंडळी, आज मला त्या 'शिवाय'बद्दलच लिहायचं आहे. कारण निवृत्तीनंतर सवडीने जे वाचलं त्यातून असं दिसतं की, त्या शेवटच्या ओळीत एक अख्खा धडा दडलेला आहे. आपण समजत आलो की आधी माणूस झाला आणि मग तो रांधू लागला. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. ते म्हणतात, रांधणं सुरू झालं म्हणून माणूस झाला!

अग्नीचं महत्त्व काही कुणी नाकारलेलं नव्हतं. ऋग्वेदाचं पहिलंच सूक्त अग्नीचं आहे. डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात भाषेच्या खालोखाल अग्नीला मान दिला. पण शिजवलेल्या अन्नाने खाणाऱ्याच्या शरीरात काय फरक पडला, हा प्रश्न पुढे शंभर-सव्वाशे वर्षं कुणी फारसा नेटाने विचारला नाही. कदाचित विचारणारे सगळे ताटावर बसणारे होते, चुलीपुढे बसणारे नव्हते! (हे आपलं माझं मत. रागावू नये.)

हा प्रश्न नेटाने विचारला तो रिचर्ड रँगम यांनी. हे गृहस्थ मूळचे इंग्लंडचे, हार्वर्ड विद्यापीठात शिकवत. तरुणपणी टांझानियातल्या गोंबे इथे, जेन गुडाल यांच्या प्रसिद्ध केंद्रावर, त्यांनी चिंपांझींचा अभ्यास केला. १९८७ पासून युगांडातल्या किबाले जंगलात त्यांचं काम चाललं. चिंपांझी जे खातात ते त्यांनी स्वतः खाऊन पाहिलं. बहुतेक फळं कडू, तुरट, चोथट, आणि पोट काही भरेना. पुढे १९९७ साली एका रात्री ते घरातल्या शेकोटीपाशी बसून मानवाच्या उत्क्रांतीवरच्या व्याख्यानाची तयारी करत होते. तेव्हा त्यांच्या मनात आलं की, आपल्यासारखं शरीर असलेला प्राणी चिंपांझीच्या आहारावर जगेल तरी कसा? १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर यावर निबंध लिहिला आणि २००९ मध्ये पुस्तक आलं.

आता त्यांचं म्हणणं वर्गात फळ्यावर मांडावं तसं मांडते.

चिंपांझी दिवसातले सुमारे सहा तास नुसते चावत असतात. अक्षरशः सहा तास! आपण सगळी जेवणं आणि मधलं खाणं मिळून जेमतेम तासभर चावतो. आपलं तोंड लहान, जबडा नाजूक, दाढा छोट्या. आपल्या आकाराच्या वानरकुळातल्या प्राण्याचं आतडं जेवढं असायला हवं, त्याच्या सुमारे साठ टक्केच आपलं भरतं. म्हणजे चावायचं यंत्र लहान आणि पचवायचं यंत्रही लहान. आणि खर्च? तो मात्र अवाढव्य. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. मिळकत कमी करायची आणि खर्च वाढवायचा, असा संसार कुणाला जमेल? जमला, याचा अर्थ कुठून तरी वरकमाई होत होती.

रँगम म्हणतात, ती वरकमाई चुलीची.

आगीवर अन्न ठेवलं की पचनाचं अर्धं काम पोटाबाहेरच उरकतं. तांदळाचा टणक दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यातलं पिष्ट मोकळं होतं आणि पाचकरसांना ते फोडायला सोपं जातं. मांसातले चिवट धागे मऊ पडतात. हे प्रत्येक स्वयंपाक करणारीला बोटाने दाबून ठाऊक आहे, पण आकड्यांत पाहिलं की जास्त पटतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली अंड्याचा हिशेब मांडला. लहान आतड्याच्या शेवटापर्यंत शिजवलेल्या अंड्यातली ९१ टक्के प्रथिनं पचली होती, कच्च्या अंड्यातली जेमतेम ५१ टक्के. २०११ साली रँगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रताळी आणि मांस दिलं. काहींना कच्चं, काहींना ठेचलेलं, काहींना शिजवलेलं. शिजवलेलं खाणारे उंदीर वजन सगळ्यांत चांगलं राखून होते. ठेचल्याने फायदा झाला, पण शिजवण्याइतका नाही. एकादशीला उकडलेलं रताळं खाताना मला हल्ली त्या उंदरांची आठवण येते.

आणि माणसांचं काय? जर्मनीतल्या गीसेन इथे १९९९ साली कच्चाच आहार घेणाऱ्या पाचशेहून जास्त लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ही काही उपाशी माणसं नव्हती. बाराही महिने बाजारात हवं ते मिळणाऱ्या सुखवस्तू देशातली माणसं होती. तरीही जितकं कच्चं खाणं जास्त, तितकं वजन कमी. पंचेचाळीसच्या आतल्या स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. जंगलात असं झालं असतं तर? वंश पुढे चालला असता का? आपल्याकडेही अधूनमधून कच्च्या आहाराचं वेड येतं. कोशिंबीर जरूर खावी, मी रोज करते. पण निव्वळ कोशिंबिरीवर मानवजात उभी राहिली नसती, एवढं खरं.

इथपर्यंत गाडी सरळ रुळावर आहे. भानगड पुढे आहे, कारण प्रश्न येतो, हे झालं केव्हा?

रँगम शरीराची साक्ष काढतात. सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होमो इरेक्टस हा आपला पूर्वज दिसू लागतो. त्याच्या आधीच्यांपेक्षा मेंदू मोठा, दाढा लहान, चाल पूर्ण आपल्यासारखी. हा बदल शिजवलेल्या अन्नामुळेच, म्हणून चूल १९ लाख वर्षांची, असा त्यांचा निष्कर्ष. पण इतिहास शिकवणाऱ्याला पुरावा लागतो, आणि मातीची साक्ष हाडांच्या साक्षीशी जुळत नाही. दक्षिण आफ्रिकेत वॉन्डरवर्क नावाची गुहा आहे. २०१२ साली तिथे, तोंडापासून तीस मीटर आत, जळलेली हाडं आणि वनस्पतींची राख सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. काळ दहा लाख वर्षांपूर्वीचा. एवढ्या आत वीज पडून वणवा पेटणं कठीण, तेव्हा आग कुणीतरी नेली असणार. इस्रायलमधल्या गेशर बेनोत याकोव इथे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचे माशांचे दात सापडले. २०२२ साली त्यांची तपासणी झाली तेव्हा असं दिसलं की ते मासे जळलेले नव्हते, बेताच्या आचेवर शिजवलेले होते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या बार्नहॅम इथला पुरावा जाहीर झाला. चार लाख वर्षांपूर्वीची भाजलेली माती, आणि जवळच ठिणगी पाडायच्या लोहमाक्षिक दगडाचे तुकडे, जे त्या भागात सहसा सापडत नाहीत. म्हणजे तिथल्या माणसांना आग पेटवताही येत होती.

यावर कुणी म्हणेल, पेटवणं चार लाख वर्षांपूर्वीचं, तर शिजवणं त्याच्या आधीचं कसं? पण आग पेटवणं वेगळं आणि आग राखणं वेगळं. माझ्या आजोळी मातीची चूल होती, शेजारी वैल. आजी रात्री निखाऱ्यांवर गोवरीचा तुकडा ठेवून वर राख ओढून टाकायची. सकाळी राख बाजूला केली, फुंकणीने फुंकलं की विस्तव तयार. विझलाच तर शेजारून आणायचा. काडेपेटी होती, पण ती उगाच खर्चायची नसे. 'दोघांमधून विस्तव जात नाही' असं आपण भांडणाऱ्यांबद्दल म्हणतो ना? तसेच वणव्यातून उचललेले निखारे कुणी पिढ्यानपिढ्या राखले असतील, एकमेकांना दिले असतील. मात्र 'असतील' हा शब्द इथे खाली अधोरेखित करायला हवा. राख वाऱ्यावर उडते, पावसात वाहून जाते. पुरावा सापडला नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं होत नाही. पण म्हणून ती घडलीच असंही म्हणता येत नाही.

विरोधकांचीही बाजू ऐकली पाहिजे. हार्वर्डमधल्याच कॅथरीन झिंक आणि डॅनियल लीबरमन यांनी २०१६ साली दाखवलं की, आहारात एक तृतीयांश मांस असेल आणि ते दगडी पात्याने कापून, कंद ठेचून खाल्ले, तर आगीशिवायही चावण्याचं काम सतरा टक्के कमी होतं. म्हणजे दाढा लहान व्हायला चूलच हवी असं नाही, पाटा-वरवंट्याचे पूर्वजही पुरले असतील! शिवाय आतडं लहान झालं म्हणून मेंदू मोठा होऊ शकला, हे आयेलो आणि व्हीलर यांचं १९९५ सालचं गणित फार गाजलं होतं. २०११ साली शंभर सस्तन प्राण्यांची मोजमापं घेतली, तेव्हा आतडं लहान तर मेंदू मोठा असा सरसकट नियम काही दिसला नाही.

तेव्हा माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे. १९ लाख वर्षांचा दावा अजून सिद्ध व्हायचा आहे. पण पावणेआठ लाख वर्षांपूर्वी रांधणं चालू होतं, हे माशाच्या दातांनी सांगितलं. आणि आज आपलं शरीर रांधलेल्याशिवाय नीट चालत नाही, याची साक्ष तर आपण प्रत्येक जण बरोबर घेऊनच फिरतो. चूल कधी पेटली यावर वाद आहे. ती आपल्या हाडामांसात शिरली आहे, यावर फारसा नाही.

आता मुलांकडे वळू. चिंपांझीचं पोर चार-पाच वर्षं आईच्या दुधावर असतं, आणि पुढचं पोर पाच-सहा वर्षांनी होतं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी समाजांत मूल अडीच-तीन वर्षांत सुटं होतं. दात पुरते आले नसताना हे कसं जमलं? मऊ अन्नामुळे. आपण उष्टावण करतो तेव्हा बाळाला खीर चाटवतो, पुढे मऊ भात आणि वरणाचं पाणी. कच्चे तांदूळ कुणी देत नाही. मऊ भात हा एक मोठाच शोध आहे, फक्त त्याच्या संशोधकाचं नाव कुठे कोरलेलं नाही.

पण आई दुसऱ्या बाळात गुंतली की या सुट्या झालेल्या पोराला भरवायचं कुणी? इथे मला फार आवडलेली गोष्ट येते. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये ओ'कॉनेल, क्रिस्टन हॉक्स आणि ब्लर्टन जोन्स यांनी वर्षानुवर्षं मोजदाद केली. कोण किती अन्न आणतं आणि ते कुणाच्या पोटात जातं, याची. पुरुषांची शिकार रोज साधत नाही. खोल गेलेले कंद खणून काढायचं कष्टाचं काम रोजच्या रोज करणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका पुढे! नवं बाळ झालं की आधीच्या पोराचं पोसणं आजीच्या कामावर अवलंबून राहतं. यावरून त्यांनी मांडलं की पाळी थांबल्यावरही स्त्री इतकी वर्षं जगते, ते नातवंडांसाठी. १९९९ साली त्यांनी हेच होमो इरेक्टसशी जोडलं. लहान मुलांना स्वतःला खणता, सोलता, भाजता येत नाहीत असे कंद, आणि ते पुरवणारी आजी. हीसुद्धा उपपत्तीच आहे, सिद्धान्त नव्हे. पण सत्तरी ओलांडल्यावर अशी उपपत्ती वाचायला बरं वाटतं हे कबूल करते.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. मागे एका लग्नघरी मी हे सगळं उत्साहाने सांगत होते, तेव्हा नात्यातले एक भावोजी हसून म्हणाले, "म्हणजे वहिनी, बायकांनी चूल सांभाळायची हे लाखो वर्षांपूर्वीच ठरलंय. आता विज्ञानच म्हणतंय!" सगळे हसले. पंगत बसत होती, म्हणून तिथे मी वाद वाढवला नाही. पण तिथे जमलेले बरेच जण हे वाचतील, म्हणून उत्तर इथे देते.

भावोजींच्या बोलण्यात तथ्य अजिबातच नाही असं नाही. मर्डॉक आणि प्रोव्होस्ट यांनी १९७३ साली जगभरच्या १८५ समाजांची माहिती गोळा केली. त्यावरून रँगम दाखवतात की ९७.८ टक्के समाजांत स्वयंपाक मुख्यतः स्त्रियाच करतात. त्याचं त्यांनी दिलेलं कारण मात्र गोड नाही. अन्न शिजायला वेळ लागतो, धूर दिसतो, वास सुटतो. म्हणजे कुणीही दांडगा येऊन ते हिसकावू शकतो. म्हणून रांधणारीने राखणदार धरला, आणि राखणदाराने त्या बदल्यात संध्याकाळची भाकरी. रँगम यांच्या मते स्त्री-पुरुषांच्या जोडीचं मूळ इथे आहे. खरं मानलं तर त्यातून काय सिद्ध होतं? स्त्रीला उपजत आवड होती हे नव्हे, तिच्यावर जबरदस्ती होण्याची भीती होती हे!

आणि ते खरं मानायलाच हवं असंही नाही. हाड्झांच्या आज्या वेगळीच गोष्ट सांगतात. त्या १८५ समाजांवरून माणसाची आजची रीत कळते, दहा लाख वर्षांपूर्वीची नाही. वॉन्डरवर्कच्या राखेवर कुणाच्या बोटांचे ठसे नाहीत. आमच्या भागात लग्नाचा पाचशे पानांचा स्वयंपाक करणारे आचारी पुरुषच असत. म्हणजे हात पुरुषाचे असले तरी भात शिजतो. फरक एवढाच की तिथे मजुरी मिळते आणि नाव होतं. माझी सकाळची शाळा असायची तेव्हा मी पाचला उठून स्टोव्हला पिन मारायची, आठ माणसांच्या पोळ्या लाटायची आणि मग अग्नीचे उपयोग शिकवायला जायची. त्या पोळ्यांची मजुरी कुठल्या पगारपत्रकात नव्हती, आणि मी एकटीच अशी होते असंही नाही. माझ्या बरोबरीच्या सगळ्या बाई अशाच धावतपळत यायच्या.

चुलीची किंमतही बहुतेक करून तिच्यापाशी बसणारीनेच मोजली. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांच्या आतली दोन लाखांहून जास्त मुलं. आमच्या आजीचे डोळे बारा महिने लाल असायचे. 'तिचे डोळेच तसे' असं आम्ही समजायचो.

म्हणून भावोजींना एवढंच सांगेन. आपल्या दाढा, आपलं आतडं, आपला मेंदू शिजवलेलं अन्न मागतात. ते कुणी शिजवावं याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नाही. ते आपण ठरवलं, आणि आपण ठरवलेलं आपल्याला बदलताही येतं. माझा नातू नोकरीनिमित्त परगावी एकटा राहतो. आठवड्यातून दोनदा फोन करून विचारतो, "आजी, खिचडीला पाणी किती?" मी सांगते. अजून त्याचं पाणी कधी जास्त होतं, कधी कमी. पण जमेल.

जाता जाता एक विनंती. आपल्याकडे घरांची मोजणी चुलींनी होत असे, आणि भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' असं म्हणत. तेव्हा तुमच्या घरी, विशेषतः कोकणात, घाटावर आणि विदर्भात, रात्रीचा विस्तव कसा राखत असत, त्याला काय शब्द होते, शेजारून तो कशात घालून आणत, हे आठवत असेल तर जरूर लिहून पाठवा. घरात ऐंशी-नव्वदीची कुणी असेल तर तिला आजच विचारा. ही माहिती कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळायची नाही.